शालेय विद्यार्थी आणि इतिहासविषयक अनास्था : एक विचार

इतिहास हा विषय शाळेतील मुलांना आवडत नाही, ही तक्रार शिक्षकांच्या परिषदांतून, पालकांच्या बोलण्यातून आणि विद्यापीठांतील अध्यापकांच्या चर्चेतूनही वारंवार ऐकू येते. मुलांना विचारावे तर त्यांचे उत्तर बहुधा एकाच शब्दात मिळते : सनावळ्या. या शब्दाचे अनेकवचन लक्षात घेण्याजोगे आहे. एखादा सन लक्षात ठेवणे कोणत्याही मुलास जड जात नाही. परस्परांशी किंवा आपल्याशी कसलाच संबंध न सांगता एकामागून एक येणाऱ्या सनांची रांग मात्र त्याला जाचते. शिक्षक ही अनास्था मुलांच्या माथी मारतात, मुले ती विषयाच्या माथी मारतात, आणि ती नेमकी कशाविषयी आहे हा प्रश्न तसाच राहतो. मुलांना भूतकाळाचेच वावडे आहे, की ज्या रूपात तो त्यांच्या हाती दिला जातो त्या रूपाचे? महाराष्ट्रातील शालेय इतिहासाचे पूर्ववृत्त तपासून या प्रश्नाचा विचार करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

भूतकाळाचे वावडे आहे असे म्हणावे, तर दिवाळीच्या सुट्टीत आपल्या गावांतून व शहरांच्या वाड्या-चाळींतून जे दिसते त्याचा उलगडा होत नाही. दगड, माती, पोती व चिखल जमवून मुले किल्ला रचतात. त्यावर अळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ उगवतात, महादरवाजा कोठे असावा, माची किती रुंद हवी, तोफा कोणत्या बुरुजावर ठेवाव्यात यावर तावातावाने वाद घालतात. पाण्याचे टाके नसलेला किल्ला शेजारच्या आळीतील मुलांच्या टीकेस पात्र ठरतो. हे सर्व कोणी शिकविलेले नसते. त्याला गुण नसतात आणि परीक्षाही नसते. शाळेतही चौथीच्या वर्गात शिवचरित्र शिकताना मुले किती रंगून जातात हे त्या वर्गाच्या शिक्षकांना चांगले ठाऊक आहे. तीच मुले आठवीत-नववीत आली म्हणजे इतिहासाच्या तासाला घड्याळाकडे पाहू लागतात. चिखलात उभे राहून बालेकिल्ल्याच्या जागेवरून भांडणारा मुलगा ‘स्वराज्यात किल्ल्यांचे महत्त्व होते, कारणे द्या’ या प्रश्नाला मार्गदर्शकातील चार वाक्ये जशीच्या तशी लिहून मोकळा होतो. वयाच्या नवव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत काहीतरी घडते. ते केवळ वयाने घडते असे मानणे सोयीचे असले, तरी पुरेसे नाही.

आपल्याकडे इतिहास हा शालेय विषय म्हणून आला तो एकोणिसाव्या शतकात, आणि आला तोच छापील पुस्तकाच्या रूपाने. मुंबईत १८२२ साली स्थापन झालेल्या, व १८२७ पासून बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी या नावाने ओळखल्या गेलेल्या संस्थेने देशी भाषांतून शालोपयोगी पुस्तके सिद्ध करण्याचा उद्योग आरंभिला. त्याच सुमारास, म्हणजे १८२६ साली, जेम्स ग्रँट डफ याचा मराठ्यांचा इतिहास लंडनमध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झाला. त्याचे कॅप्टन डेव्हिड केपन याने बाबा साने यांच्या साहाय्याने केलेले मराठी भाषांतर ‘मराठ्यांची बखर’ या नावाने तीन-चार वर्षांतच निघाले आणि शाळांतून दीर्घकाळ चालले. या नावातच एक गंमत आहे. परकीय अधिकाऱ्याने आधुनिक पद्धतीने लिहिलेला ग्रंथ मराठी मुलांपुढे ‘बखर’ म्हणून आला. बखर ही ऐकण्याची व मान डोलावण्याची वस्तू. तिला प्रतिप्रश्न विचारण्याची चाल नव्हती. डफने मात्र आपल्या ग्रंथात जागोजाग आधार दिले होते, कोणता कागद कोठून मिळाला हे सांगितले होते, म्हणजेच वाचकाला पडताळा पाहण्यास एका अर्थी आमंत्रण दिले होते. शाळेत पुस्तक पोहोचले, आमंत्रण पोहोचले नाही.

पुढे १८५५ साली सरकारी शिक्षणखाते निघाले, १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ पासून मॅट्रिक्युलेशनची परीक्षा सुरू झाली. हायस्कुलाच्या वरच्या इयत्तांत इतिहास इंग्रजीतून शिकावा लागे, आणि त्यात हिंदुस्थानाइतकेच इंग्लंडच्या इतिहासालाही स्थान असे. ज्या भाषेत स्वतंत्र वाक्य रचताना भीती वाटते, तिच्यात इतिहासाचे उत्तर लिहावयाचे म्हणजे पुस्तकातील वाक्य तोंडपाठ करणे हाच शहाणपणाचा मार्ग होता. घोकंपट्टीचा दोष आपण मुलांच्या आळसाला किंवा शिक्षकांच्या निष्काळजीपणाला देतो. वस्तुतः तिचे मूळ या भाषिक कोंडीत आहे. कोंडी फुटली, मातृभाषा हे माध्यम झाले, मॅट्रिक जाऊन एस. एस. सी. आली, घोकण्याची सवय मात्र परीक्षेच्या अंगवळणी पडून राहिली.

या सर्व काळात विद्यार्थ्याची इतिहासाविषयीची वृत्ती कशी होती, याचा प्रत्यक्ष पुरावा फार थोडा आहे. विद्यार्थी आपली मते दप्तरात नोंदवून ठेवीत नाहीत. म्हणूनच एका विद्यार्थ्याची साक्ष विशेष मोलाची वाटते. नीळकंठ जनार्दन कीर्तने हे पुण्यात महाविद्यालयीन शिक्षण घेत असताना त्यांनी १८६७ साली तेथील तरुणांच्या एका सभेपुढे ग्रँट डफच्या बखरीवर टीकात्मक निबंध वाचला. तो पुढल्या वर्षी पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. कीर्तने यांचा जन्म १८४४ चा, म्हणजे त्या वेळी त्यांचे वय अवघे तेवीस होते. ज्या ग्रंथावर मराठी मुलांच्या दोन पिढ्या वाढल्या, ज्यातील उतारे म्हणून दाखवून त्यांनी शाबासकी मिळविली, तोच ग्रंथ समोर ठेवून या तरुणाने साधे प्रश्न विचारले. हे ग्रंथकारास कशावरून कळले? ज्या मूळ कागदांच्या नकला मुंबईच्या लिटररी सोसायटीत ठेवल्या असे ग्रंथकार म्हणतो, त्या आज कोठे आहेत? लढाया व तह यांखेरीज या लोकांचे काही जीवन होते की नव्हते?

कीर्तने यांच्या टीकेची योग्यायोग्यता हा येथील विषय नव्हे. डफच्या परिश्रमांबद्दल त्यांनी आदर व्यक्त केला, ही गोष्ट मात्र नमूद केली पाहिजे. कारण पुढे डफला शिव्या देणे हाच अभ्यास समजणारे बरेच निघाले. आमच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती निबंधामागील वृत्ती. पाठ्यपुस्तक हे कोणीतरी, कशाच्या तरी आधारे, काही गाळून व काही ठेवून लिहिलेले असते, ही जाणीव या विद्यार्थ्याला झाली; आणि ती होताच इतिहासाविषयी त्याला कंटाळा आला नाही, उलट तो कामाला लागला. मल्हार रामराव चिटणीस यांची बखर संपादून ‘विविधज्ञानविस्तारा’तून प्रसिद्ध करण्याचे कार्य त्यांनीच केले. मराठ्यांच्या इतिहासाच्या संशोधनाचा आरंभ कोठून मोजावा यावर मतभेद असतील. परंतु तो शाळेत घोकलेल्या एका पुस्तकाविषयी पडलेल्या शंकेतून झाला असे म्हणण्यास प्रत्यवाय नसावा.

कीर्तन्यांनंतर जे आले त्यांच्यातही शाळामास्तरांचा भरणा मोठा होता, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही. ‘निबंधमाले’त ‘इतिहास’ हा प्रदीर्घ निबंध लिहिणारे विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी शाळेत शिक्षक होते. त्यांच्यासह १८७८ साली ‘काव्येतिहाससंग्रह’ काढणारे काशिनाथ नारायण साने यांचे सारे आयुष्य शिक्षणखात्यात गेले. मिरजेस वासुदेवशास्त्री खरे दिवसा हायस्कुलात मुलांना संस्कृत शिकवीत आणि उरलेल्या वेळात पटवर्धनी दप्तरांतील कागद उतरून काढीत. त्यातूनच १८९७ पासून त्यांचा ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ प्रसिद्ध होऊ लागला. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या रियासतींचा उगमही बडोद्यास राजपुत्रांना शिकविण्याच्या व सयाजीराव महाराजांना वाचून दाखविण्याच्या निमित्ताने केलेल्या टिपणांत आहे. आणि विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी तर आपल्या शाळा-कॉलेजांतील अनुभवांवर स्वतंत्र लेख लिहून त्या शिक्षणाचे कठोर परीक्षण केले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड त्यांनी १८९८ साली वाईस सापडलेल्या पत्रांवरून सिद्ध केला. तो उत्साह शाळेने दिलेला नव्हता. शाळेने जे दिले नाही त्याच्या असमाधानातून तो आला होता.

येथे एक विसंगती ध्यानात येते. मास्तर रात्री समईच्या उजेडात मोडी कागद वाचतो, त्यातील एका मितीवरून मित्रांशी महिनोन् महिने पत्रव्यवहार करतो. सकाळी वर्गात जाऊन मात्र त्याला नेमलेल्या पुस्तकातील ठरावीक मजकूर ठरावीक मुदतीत संपवावा लागतो. ज्या संशयाने, शोधाने व वादाने त्याचे स्वतःचे मन जिवंत ठेवले, तो वर्गाच्या उंबऱ्याबाहेर राहतो. मुलांपर्यंत पोहोचतो तो केवळ निष्कर्ष. भोजनाचा बेत शिजविणाऱ्याने पाहुण्यांना पानावर बसवून हिशेबाची वही वाचून दाखवावी, तसा हा प्रकार आहे.

मोडीची कथा तर याहून चमत्कारिक आहे. जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शाळेत काय शिकवावे याची यादी दिली आहे. तीत मोडी व बाळबोध लेखन-वाचन, हिशेब, व्याकरण, शेतीचे प्राथमिक ज्ञान यांच्याबरोबर सामान्य इतिहास व भूगोल यांचाही समावेश आहे. शेतकऱ्याच्या मुलास इतिहास कशाला, असे विचारणारे त्या काळी पुष्कळ होते. फुल्यांना तो हवा होता. ज्यांनी १८६९ मध्ये शिवाजीवर पोवाडा रचून भूतकाळावरील आपला हक्क सांगितला, त्यांनी इतिहासाला हिशेबाच्या पंक्तीस बसवावे यात नवल नाही. परंतु ज्या काळी खेड्यातील शाळकरी मुलास मोडी वाचता येत होती, त्या काळी मोडी कागद सरदारांच्या वाड्यांत कुलपाआड होते, आणि पुण्याचे पेशवे दप्तर सरकारी बंदोबस्तात असून खाजगी अभ्यासकालाही ते सहजी उघडत नसे. सरदेसायांच्या संपादनाखाली त्यातील निवडक कागदांचे ४५ भाग प्रसिद्ध झाले ते १९३० ते १९३४ या काळात. पुढे कागद खुले होऊ लागले, आणि विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोडी शाळांतून निघून गेली. वाचता येत होते तेव्हा कागद नव्हते. कागद आले तेव्हा वाचता येईनासे झाले. आजही पुण्याच्या पुराभिलेखागारात लक्षावधी मोडी कागद वाचकाची वाट पाहत आहेत. हे कागद वाचणारी माणसे पंधराव्या वर्षी इतिहासाला विटलेल्या मुलांतूनच यावयाची आहेत, ही गोष्ट विद्यापीठातील आपल्यासारख्यांनी तरी दुर्लक्षू नये.

मुलांची अनास्था आमच्या राज्यापुरती किंवा भाषेपुरती नाही. इंग्लंडमध्ये स्कूल्स कौन्सिलच्या वतीने शाळा लवकर सोडणाऱ्या मुलांची पाहणी होऊन तिचा अहवाल १९६८ साली प्रसिद्ध झाला. त्यात इतिहास हा विषय निरुपयोगी व कंटाळवाणा मानणाऱ्यांची संख्या एवढी निघाली की, तेथील इतिहासाध्यापकांत खळबळ उडाली. त्याच वर्षी मेरी प्राइस यांनी ‘इतिहास धोक्यात’ अशा आशयाच्या मथळ्याचा लेख लिहून शिक्षकांना सावध केले. वास्तविक कीटिंग यांनी मूळ साधनांच्या आधारे इतिहास शिकविण्याची पद्धती १९१० मध्येच ग्रंथरूपाने मांडली होती, पण शाळांतून ती रुजली नव्हती. १९६८ च्या धक्क्यानंतर १९७२ साली लीड्स येथे तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी एक प्रकल्प सुरू झाला. त्याचा पहिला पाठ राजापासून किंवा लढाईपासून सुरू होत नसे. डेन्मार्कच्या दलदलीत १९५० साली सापडलेल्या एका प्राचीन मनुष्याचे शव, त्याच्या गळ्यातील फास, त्याच्या पोटातील अन्न यांची माहिती देऊन मुलांना विचारले जाई : हा कोण असावा, कसा मेला असावा, आणि हे तुम्ही कशावरून म्हणता? हा प्रकल्प दोषरहित होता असे नाही. मुले तुकड्यातुकड्यांनी पुरावे तपासण्यात गुंततात आणि कालप्रवाहाचे सलग भान हरवते, हा त्यावरील आक्षेप आम्हांस बराचसा मान्य आहे. तथापि अनास्थेचे कारण तेथील शिक्षकांनी मुलांत न शोधता आपल्या पद्धतीत शोधले, हे मात्र खरे.

आपल्याकडे पाठ्यपुस्तकांच्या बाबतीत काहीच घडले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९६७ साली पुण्यास पाठ्यपुस्तक मंडळ स्थापन झाल्यापासून पुस्तके स्वस्त झाली, चित्रे व नकाशे वाढले. २०१८ साली लागू झालेले दहावीचे पुस्तक तर रचनेच्या दृष्टीने धाडसी आहे. त्याचा आरंभ इतिहासलेखनाच्या पाश्चात्त्य व भारतीय परंपरांपासून होतो; पुढे उपयोजित इतिहास, प्रसारमाध्यमे, खेळ, पर्यटन, ठेव्यांचे जतन असे विषय येतात. इतिहास कसा लिहिला जातो हे पंधरा वर्षांच्या मुलास सांगावे ही कल्पना कीर्तन्यांना निश्चितच आवडली असती. परंतु इतिहास व राज्यशास्त्र मिळून ४० गुणांच्या उत्तरपत्रिकेत हे पुस्तक पोहोचते तेव्हा त्याचे काय होते? इतिहासकार आणि ग्रंथ यांच्या जोड्या लावा; योग्य पर्याय निवडून विधान पूर्ण करा; टीपा लिहा. राजांच्या सनावळीच्या जागी इतिहासकारांची नामावळी आली. इतिहासाच्या पद्धतीविषयीचे वाक्य पाठ करणे आणि ती पद्धत एकदा तरी स्वतः चालवून पाहणे यांत केवढे अंतर आहे, हे परीक्षकांच्या ध्यानात येऊ नये याचे आश्चर्य वाटते. प्रश्नपत्रिका बदलल्याविना पुस्तक बदलणे म्हणजे घोड्याचे खोगीर बदलून तो वेगळ्या रस्त्याने जाईल अशी आशा धरणे होय.

तर मग सनावळीचेच काय करावे? सन टाळून इतिहास शिकविता येत नाही, आणि मुलांच्या आवडीसाठी ते टाळावेत या मताचे आम्ही नाही. उलट एखाद्या सनाचा जीव उघडा करून दाखविला तर तोच मुलांना खेचून घेतो, असे आमचे म्हणणे आहे. शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचे उदाहरण घेण्यासारखे आहे. एकोणिसाव्या शतकातील शाळकरी मुलगा १६२७ हा सन पाठ करी. डफने तो दिला होता, आणि चिटणिसांच्या बखरीत शके १५४९ चा वैशाख होता. पुढे कारीच्या जेधे देशमुखांकडील एक जुनी शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली व १९१६ साली भारत इतिहास संशोधक मंडळामार्फत प्रसिद्ध झाली. तिच्यात शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० ही तिथी निघाली. १९२७ साली शिवाजीचे समकालीन कवी परमानंद यांचे ‘शिवभारत’ हे संस्कृत काव्य छापले गेले. त्यातही फाल्गुन वद्य तृतीयाच होती. राजस्थानात जुन्या कुंडल्यांच्या संग्रहात मिळालेल्या एका कुंडलीनेही त्यास पुष्टी दिली. तरी वाद मिटला नाही. विद्वानांनी वर्षानुवर्षे एकमेकांची प्रमाणे खोडून काढली. आज शासकीय शिवजयंती १९ फेब्रुवारीस होते, आणि परंपरेने वैशाखातील तिथी पाळणारेही आहेत.

या सर्व प्रकरणातून शाळेतील मुलाच्या हाती काय येते? ‘१९ फेब्रुवारी १६३०’ एवढे. रिकाम्या जागेत भरावयाचा एक आकडा. याच्या ऐवजी नववीच्या वर्गात तीन आधार फळ्यावर मांडावेत. एक शंभरांहून अधिक वर्षांनी लिहिलेली बखर, एक घराण्यात राखलेली शकावली, एक समकालीन काव्य. आणि मुलांना विचारावे की, तुम्ही कोणावर विश्वास ठेवाल, व का? बखरकाराला खोटे बोलण्याचे कारण होते काय, की त्याच्यापाशी कागदच नव्हता? काव्यात कवी राजाची स्तुती करतो हे खरे, पण जन्मतिथी बदलून त्याला काय मिळणार? तोरणा १६४६ च्या सुमारास हाती आला असे धरले, तर एका हिशेबाने महाराजांचे वय एकोणीस, दुसऱ्याने सोळा. या तीन वर्षांनी काही फरक पडतो काय? असा तास एकदा झाला की तो सन मुलांना पुन्हा पाठ करावा लागत नाही. शिवाय शके आणि इसवी सन यांचा मेळ कसा घालतात, तिथी आणि तारीख यांत भेद काय, शकावली म्हणजे काय, हे जे अन्यथा तीन रटाळ टीपांचे विषय झाले असते ते प्रसंगानेच कळून जाते.

या सूचनेवर दोन आक्षेप येतात. पहिला वेळेचा. पस्तीस मिनिटांचा तास, वर्गात साठ मुले, आणि मार्चपूर्वी संपवावयाचा अभ्यासक्रम. यांत शिक्षकाने शोधाचे खेळ कधी खेळावेत? आक्षेप खरा आहे, आणि वर्षभर प्रत्येक पाठ अशा रीतीने शिकविणे अशक्य आहे. मात्र वर्षातून तीन-चार घटना निवडून त्यांवर प्रत्येकी दोन तास खर्चिणे अशक्य नाही. बाकीचा इतिहास सरळ कथनाने सांगावा, आणि चांगले कथन ही काही कमी प्रतीची गोष्ट नव्हे. दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. आमच्या समाजात इतिहास हा श्रद्धेचा विषय झाला आहे. मुलांना पुराव्यावर शंका घेण्यास शिकविले तर घरीदारी वाद होतील, शिक्षकावर बालंट येईल, अशी भीती पुष्कळ शिक्षक खाजगीत बोलून दाखवितात. ही भीती निराधार आहे असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. पण शाळेने वाद टाळल्याने मूल वादापासून दूर राहत नाही. सोळाव्या वर्षी शाळा सुटली की चित्रपट, दूरदर्शनवरील मालिका, चौकातील भाषण आणि हातातल्या फोनवर येणारा निनावी मजकूर हेच त्याचे इतिहासाचे शिक्षक होतात. ‘हे कशावरून?’ असे विचारण्याची सवय शाळेने लावली नसेल, तर ती लावण्यास या नव्या शिक्षकांपैकी कोणी बांधलेला नाही. जन्मतिथीसारखा प्रश्न आरंभास घ्यावा असे आम्ही सुचवितो, तेही याच कारणाने : त्यात कोणाच्याही आदराला धक्का लागत नाही, आणि पुरावा तोलण्याची रीत मात्र पुरती कळते.

परीक्षेच्या बाबतीत एक लहानशी गोष्ट तूर्त करता येण्याजोगी आहे. प्रश्नपत्रिकेत पाठ्यपुस्तकाबाहेरचे, एकाच घटनेविषयीचे दोन छोटे उतारे सोप्या मराठीत छापावेत. एक पत्रातील असावा, दुसरा बखरीतील. ते कोठे जुळतात, कोठे जुळत नाहीत आणि घटनेच्या अधिक जवळचा कोणता, एवढेच विचारावे. प्रश्न चार गुणांचा असला तरी चालेल. त्याचे उत्तर कोणत्याही मार्गदर्शकात आगाऊ छापून ठेवता येणार नाही, त्यामुळे शिक्षकाला वर्षातून दोन-तीन वेळा तरी वर्गात असे उतारे वाचून घ्यावेच लागतील. उतारे निवडण्याचे, त्यांतील मोडी व फारसी शब्द सोडविण्याचे आणि त्यांना टिपा जोडण्याचे काम शाळेतील शिक्षकावर टाकणे योग्य नव्हे. राजवाडे, खरे व सरदेसाई यांनी छापून ठेवलेले खंड विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. त्यांतून शंभर-दीडशे पत्रे निवडून शिक्षकांसाठी एक पुस्तिका करणे हे इतिहास विभागाच्या आवाक्यातील काम आहे, आणि त्यास एका वर्षाहून अधिक काळ लागू नये.